ऑरगॅनिक मिशी

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.१०
आजपासून डायरी. विषय एकच: कातडी. काल मोबाईलवर एका बाईंचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पूर्ण पाहिला. सविता मधे तीनदा दळण आणायला सांगून गेली, पण ज्ञान अर्ध्यावर सोडता येत नाही. आपण अंगाला जे जे चोपडतो ते सगळं आत मुरतं म्हणे. सगळं! मी दहा वर्षं मिशीला डाय लावतोय. म्हणजे माझ्या रक्तात आजघडीला वाटीभर डाय फिरत असणार. मला एवढा थकवा का येतो ते कळलं.

सविताला सांगितलं. ती म्हणाली, थकायला आधी कायतरी करावं लागतंय. बायकोला सायन्सची आवड नाही.

त्याच दिवशी, दुपारी
भयंकर गोष्ट लक्षात आली. सविताचं पार्लर! मानवतच्या बसस्टँडमागे, आमच्या मुलीच्या नावाचं, 'सृष्टी ब्युटी पार्लर'. म्हणजे विषाचं दुकान आमचंच. घर त्याच्यावर चालतं हा वेगळा मुद्दा. माझा धंदा सध्या विचाराधीन आहे.
संकल्प: पंधरा दिवसांत पार्लर शंभर टक्के ऑरगॅनिक.

५ एप्रिल
बीट आणि तुपाची लिपस्टिक केली. रंग फर्स्टक्लास. मिक्सरच्या भांड्यात आधी ठेचा केला होता हे नंतर कळलं. सृष्टीने ओठाला लावली आणि बोंबलत नळावर पळाली. ओठ मात्र लालभडक झाले. लिपस्टिकचं काम तेच असतं.

६ एप्रिल
उटण्याच्या डब्याला मुंग्या. मुंगी केमिकलला तोंड लावत नाही. हा पुरावाच झाला.

९ एप्रिल, बुधवार
गल्लीतल्या तात्यारावांच्या मंडळी बबिताबाई पार्लरला आल्या होत्या. त्यांच्या निकिताचं लग्न वीस तारखेला देवगाव फाट्यावर. नवरीच्या मेकअपची ऑर्डर! सविता आठ वर्षं नुसत्या भुवया कोरतेय, नवरी पहिल्यांदाच मिळणार. मी लगेच पुढे होऊन बबिताबाईंना कातडीचं सगळं समजावलं. बाई पार घाबरल्या. मी म्हटलं, काळजी सोडा, निकिताचा मेकअप पूर्ण ऑरगॅनिक, माझी गॅरंटी. त्या म्हणाल्या, आधी कुनाच्या तरी तोंडावर लावून दाखवा. सतराला येते. न्हाई पटलं तर परभणीची बाई बोलावू.

रात्री सविताने हात जोडले. म्हणाली, अवो, आठ वर्षं वाट बघितली या एका नवरीची. तुमी मधी पडू नका. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला वाईट वाटलं. पण मी मधे पडत नाहीये, पुढे होतोय. फरक आहे.

१४ एप्रिल
तोंड कोणाचं, हा प्रश्न सुटला. माझं. डाय बंद केल्यापासून मिशी पांढरी पडायला लागलीच आहे, ती नैसर्गिक काळी करून दाखवायची. कशाने? बिबा! धोबी कपड्यावर बिब्याची खूण करतो, ती कापड फाटलं तरी जात नाही. शिवाय झाडाचं फळ. कंपनी नाही, लेबल नाही.

आईकडे राणीसावरगावहून आणलेला बिब्यांचा डबा आहेच. आई म्हणाली, आरं येड्या, बिबा उततो. टाचेला लावायचा आसतो, तोंडाला न्हाई. फोड येतील फोड! जुन्या लोकांच्या समजुती. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल निघालं, मिशीला लावलं. थोडं उरलं. वाया कशाला, म्हणून भुवयांनाही.

१५ एप्रिल
मिशी डांबरासारखी काळी. जरा आग होतेय. जुना डाय बाहेर पडत असणार.

१६ एप्रिल
वरचा ओठ नाकाला लागलाय. डावा डोळा मिटला. उजव्याने लिहितोय. डाय फारच होता.

१७ एप्रिल, गुरुवार
डॉक्टरने मिशी काढायला लावली. केस गेले, खाली बिब्याची खूण शाबूत.

चार वाजता बबिताबाई निकिताला घेऊन आल्या. मी पडद्यामागे होतो, पण शिंक आली. निकिता मला बघून किंचाळली. बाईंनी विचारलं, यांना काय झालं? सविता अगदी शांतपणे म्हणाली, ताई, हेच ते ऑरगॅनिक. बाई म्हणाल्या, आगं माय! माझ्या पोरीला कंपनीचंच लाव बाई. अन् मला, माझ्या दोन्ही जावांना पण लाव.

म्हणजे एकाच्या चार ऑर्डरी. माझ्यामुळे. आभार कोणी मानले नाहीत.

२० एप्रिल, रविवार. रात्री ९
लग्नाला मला नेलं नाही. पोरं भितील, सविता म्हणाली. ती आणि सृष्टी एसटीने गेल्या. दुपारी फोनवर निकिताचा फोटो आला. एका डोळ्याने पाहिला. लय देखणी दिसत होती पोरगी. ऊर भरून आला. सविताच्या हातात एवढं आहे हे मी आठ वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

डॉक्टरने ट्यूब दिलीय. पाठीमागे बारीक अक्षरात औषधांची लांबलचक नावं. दोन वाचली, डोळा दुखला, सोडून दिलं.

सविता आता आली. दमलेली, पण हसत होती. हात धुऊन समोर बसली आणि बोटाने हळूहळू माझ्या ओठाला ट्यूब लावायला लागली. विचारलं, हे सगळं आत मुरतं म्हनं?

म्हटलं, मुरू दे. भुवयांना पण लाव.