ओढ्यापलीकडचा माग

११ नोव्हेंबर
पोहोचलो एकदाचा. मिशिगनच्या या वरच्या टोकाला माणसं कमी आणि हरणं जास्त, म्हणजे जग जसं असायला हवं तसं. आर्डिस किवेला नावाच्या म्हातारीचा हा शिकारी तळ. चार लाकडी खोल्या, एक स्वयंपाकघर, एक वाफेची न्हाणी. पंधरापासून बंदुकीचा हंगाम सुरू होतो, तेवढे दोन आठवडे मी इथला वाटाड्या. आधीचा वाटाड्या म्हणे गेल्या वर्षी हंगाम अर्धवट टाकून निघून गेला. असतात अशी माणसं. जरा थंडी वाजली की यांना आई आठवते.

आर्डिसनं मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी वाढली, कॉफी ओतली आणि बसल्या बसल्या नियम सांगितला. ओढ्याच्या अलीकडे काय हवं ते मार. पण जखमी जनावर ओढा ओलांडून सीडरच्या झाडांच्या दलदलीत गेलं, तर माग सोडून परत यायचं. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तिकडचं तिकडेच राहू दे, हार्लन." चौतीस वर्षं मी पांढऱ्या शेपटीच्या हरणांमागे घालवली, एकही जखमी जनावर रानात कुजायला सोडलं नाही. आता ही बाई मला शिकवणार! मी नुसती मान डोलावली. पेस्टी चांगली होती.

१३ नोव्हेंबर
दोन दिवस सगळं रान पायाखाली घातलं. नर ऐन माजावर आहेत. ओकच्या झाडांच्या चढावर त्यांनी खुरांनी जमीन उकरून मुतून ठेवलंय, कोवळ्या झाडांच्या साली शिंगांनी घासून काढल्यात. मचाण मी वाटेवर बांधलं नाही, वाटेपासून वीस पावलं आत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधलं. सकाळी ऊन चढलं की हवा चढावर सरकते, म्हणून सकाळी वर बसायचं; संध्याकाळी ती खाली उतरते, म्हणून खाली. हरणाला तुम्ही दिसलात तर ते क्षणभर विचार करतं. तुमचा वास आला तर विचारही करत नाही, शेपटीचं पांढरं निशाण उभारतं आणि जातं. एवढं कळलं तरी निम्मे शिकारी सुधारतील. पण त्यांना सुधारायचं नसतं, त्यांना दुकानात जायचं असतं.

१४ नोव्हेंबर
गिऱ्हाईक आलं. डॉक्टर कारमोडी, शिकागोचा दातांचा डॉक्टर. या आठवड्यात हा एकटाच. गाडीतून इतकं सामान उतरवलं की वाटलं राहायलाच आलाय. अंगाला दुकानातल्या लिंबाचा वास, तोंडात पेपरमिंट. "काय हो वाटाडे, उद्या किती वाजता मारायचं?" असं विचारलं, जणू हरणानं दाढ काढायची वेळ घेतलीय. मी सांगितलं, आज बिनवासाच्या साबणानं आंघोळ करा आणि उद्या सकाळी दात घासू नका. बिचाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

१५ नोव्हेंबर
हे सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी नवाला आठ टोकांच्या शिंगांचा नर चढावर आला. कारमोडी तोवर चाळीस वेळा हलला असेल. खांद्यामागे मारा, असं मी कानात सांगितलं; यानं पोटात मारली. माग पाहिला, रक्त काळपट, त्यात हिरवट घाण. फुफ्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं आणि जनावर जवळच पडतं. पोटात लागलेलं जनावर मात्र लांब जाऊन बसतं. त्याला पाच-सहा तास बसू द्यायचं असतं. लगेच मागे लागलात तर ते उठतं आणि मैलभर पळतं. कारमोडी दर पाच मिनिटांनी, "मेलं असेल हो, चला ना," करत होता.

दोनच्या सुमारास निघालो. ताजं भुरभुरीत बर्फ पडलं होतं, माग वाचायला एकदम सोपा. तो ओढ्यात उतरून पलीकडे निघाला. कारमोडी काठावर थांबला. म्हणाला, म्हातारीनं मलाही सांगितलंय, पलीकडे नको. मी म्हणालो, "दात उपटताना पण असेच थांबता का, डॉक्टर?" मग आला.

दलदलीत त्याच्या पायाखाली प्रत्येक काटकी मोडत होती. शेवटी मी त्याला एका आडव्या पडलेल्या सीडरवर बसवलं. "हलायचं नाही, बोलायचं नाही. एवढं तरी जमेल?" असं विचारलं. तो लहान मुलासारखा हसला. तेवढ्यापुरतं मला समाधान वाटलं.

मी दोनशे पावलं पुढे गेलो. तिथे माग संपला. म्हणजे बर्फात चार खुरांचे ठसे होते, बाजूला रक्ताचे थेंब, आणि त्यापुढे काहीच नाही. ना उडी, ना झुडूप, ना खड्डा. स्वच्छ पांढरं बर्फ.

परत आलो तर ओंडका रिकामा. त्याची रायफल टेकवलेली. ठसे ओंडक्यापर्यंत येणारे. जाणारे नाहीत.

१७ नोव्हेंबर
दोन दिवस शोध चालू आहे. शेरीफची वीस माणसं आणि दोन कुत्री. कुत्री ओढ्यापाशी बसकण मारतात. लाडावलेली कुत्री. मी सगळ्यांना सांगितलं की माणूस गोंधळून भरकटला असणार, शहरातल्यांना दिशा कळत नाही. मी त्याला तिथे का बसवलं, हे कोणी विचारलं नाही. आर्डिसनं विचारलं. मी कुत्र्यांकडे निघून गेलो.

१८ नोव्हेंबर
सापडला! खरं तर स्वतःच आला. सकाळी अकराला रानाच्या कडेनं चालत, नारिंगी जाकीट घालून, अगदी सुखरूप. मी चक्क त्याला मिठी मारली. शेरीफनं स्वतः हात मिळवला, दोन कागदांवर सही घेतली आणि सगळे घरी गेले. तीन दिवस काय खाल्लं, असं विचारलं, तर नुसता हसला.

आर्डिसनं मात्र त्याला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. दाराला आतून कडी लावली आणि खिडकीतून मला म्हणाली, त्याला शेवटच्या खोलीत ठेव, आणि त्याच्याशी बोलू नकोस. म्हातारपण. दुसरं काय?

१९ नोव्हेंबर
रान माणसाला शिकवतं हे खरं. आज कारमोडी मचाणावर नऊ तास बसला. हलला नाही, खोकला नाही. मीच बोलत राहिलो. वारा, माग, नेम, माझं लहानपण, सगळं. तो ऐकत होता. इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक मला चौतीस वर्षांत मिळालं नव्हतं.

दोन गोष्टी खटकल्या. एक मादी मचाणाखालून गेली, वारा सरळ आमच्याकडून तिच्याकडे. मला हुंगून थबकली, शेपटी उभारली. मी पाणी आणायला खाली उतरून लांब गेलो, तिथून पाहिलं तर ती परत आली आणि कारमोडीच्या बरोबर खाली चरत राहिली. त्याला वासच नाही. लिंबाचा नाही, माणसाचा नाही.

दुसरी म्हणजे बर्फ. त्याच्या गालावर, पापण्यांवर पडत होतं. वितळत नव्हतं.

२० नोव्हेंबर
आर्डिसनं आज कडी काढून मला आत घेतलं आणि सांगितलं. तिचा नवरा टोइवो एकोणीस वर्षांपूर्वी जखमी हरणामागे ओढ्यापलीकडे गेला. तिसऱ्या दिवशी परत आला. अकरा दिवस घरात होता. खात नव्हता, नुसता ऐकायचा. मग एक दिवस तो बाहेर गेला आणि तिला अंगणातून तिच्या बहिणीची हाक आली. बहीण तेव्हा दोनशे मैलांवर होती. "मी दार उघडलं नाही, म्हणून जिवंत आहे," म्हणाली. बर्फ वितळल्यावर तो गेला. मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, हार्लन?"

हसलो असतो.

मी दुपारी ओढा ओलांडला. ओंडक्याच्या पलीकडे, तीस पावलांवर, सीडरच्या मुळांत कारमोडी बसलेला आहे. गोठलेला. पोटात मोठं भोक, बर्फावर हिरवट काळं रक्त. चेहऱ्यावर तेच हसू. मी सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं. स्वतःहून हलला नव्हता; शोधात ही जागा रिकामी होती, नंतर कोणीतरी त्याला इथे आणून बसवलंय.

माझी चूक. लिहून ठेवतो, माझी चूक.

परत येताना सारखं मागे पाहत होतो. तळावरचा तो दुसरा कारमोडी मागे नव्हता. खालच्या अंगाला होता, माझा वारा घेत.

शेरीफला फोन केला. तो हसला. म्हणाला, "अहो, परवा मी स्वतः त्याला भेटलोय. आज जरा कमी प्या."

उद्या उजाडताच आर्डिसला ट्रकमध्ये घालून निघायचं. तिला सांगितलंय, मी हाक मारली की ये.

मूर्ख. हाक मारली की ये, असं सांगितलं.

२१ नोव्हेंबर, सकाळ
शेवटची खोली रिकामी. खुंटीवरची माझी नारिंगी टोपी आणि जाकीट नाही —

अंगणात मी तिला हाक मारतोय. म्हणजे मी नाही. मी खिडकीपाशी आहे, हातात वही. आवाज माझा. "ट्रक तयार आहे, आर्डिस, चल." माझ्यासारखाच शेवटचा शब्द ओढून.

ओरडलो, नको उघडूस. लगेच बाहेरूनही, नको उघडूस —

ती आतून विचारतेय. दोघांनाही. हार्लन असशील तर तुझ्याबद्दल काहीतरी सांग. दहा दिवसांत मी तिला माझ्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. तिची लायकीच काय, असं वाटायचं. जे सांगितलं ते सगळं त्याला. मचाणावर. नऊ तास.

तो सांगतोय. माझ्या आईचं नाव. लहानपणीचा कुत्रा. सगळं बरोबर.

मी काय बोलू —

कडी वाजली. ती दारात आलीय, टोइवोची बंदूक घेऊन. चांगलं. त्याच्याकडे पाठ करू नकोस. मार, आर्डिस. खांद्यामागे —

तो, माझ्या टोपीत, आता माझ्याच चेहऱ्यानं, माझ्या खिडकीकडे बोट दाखवतोय. तिला सांगतोय, तो बघ, तिथे आहे.

ती माझ्याकडे बघतेय. बंदूक उचल