फोंडा घाटातलं माकड

रहाटणी,
गुरुवार, ८ जानेवारी २०२६

तीर्थरूप वन्संना शैलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्या गणराजबरोबर पाठवलेल्या पावट्याच्या शेंगा पोचल्या. रविवारी उसळ केली, क्षितिज दोनदा वाढून घेऊन जेवला. तुमचा गुडघा कसा आहे? थंडी आहे तोवर पहाटे ओट्यावर बसत जाऊ नका. सांगून तुम्ही ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी सांगते.

पत्र बघून हसाल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मला ओरडावं लागतं, आणि रिटायर झाल्यापासून तुमचे बंधू दिवसभर घरातच असतात. म्हणून लिहितेय. परवा संध्याकाळी गणराज संक्रांतीचे लाडू न्यायला येईल, त्याच्याच हाती देईन. त्याच्याकडून वाचून घेतलंत की चुलीत घाला.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे मालवणकडे जाऊन आलो. खाडीच्या मधोमध एक बेट आहे, तिकडे बेटाला जुवा म्हणतात. पंधरा-वीस घरं, नुसत्या माडाच्या बागा, गाडी या काठाला ठेवायची आणि होडीने पलीकडे जायचं. क्षितिजने तिथे दोन खोल्या घेतल्या होत्या. सूनबाईंनी, म्हणजे ऋचाने, नवा तंबू घेतला. तो अंगणातच ठोकला, आणि सलोनी आणि तिचे आजोबा दोघं त्यात झोपले. सात वर्षांची पोर आणि पासष्टचा म्हातारा, कोण जास्त लहान ते सांगता यायचं नाही.

जाताना सगळा रस्ता गाडी यांनीच चालवली. क्षितिज साताऱ्याला म्हणाला, "बाबा, आता मी घेतो." हे म्हणाले, "तू लॅपटॉप चालव." चाकणच्या कंपनीत जन्मभर टेस्ट ड्रायव्हर होते ना, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघवतच नाही. तुम्हीच म्हणता, "आमच्या परभाच्या गाडीत बसलं की पोटातलं पानी हालत न्हाई."

फोंडा घाटात एक माकड आडवं आलं, तेवढं गाडीला डाव्या बाजूने खरचटलं. बाकी प्रवास छान झाला. सुरमई खाल्ली, सोलकढी प्यायलो. सलोनीने लाल बादली भरून शिंपले आणलेत, घरभर वास सुटलाय.

लाडू या वेळी जरा कडक झालेत. तुमच्या दातांना जपून.

वन्सं, ताकाला जाऊन भांडं किती लपवू? माकड नव्हतं.

मी पुढे बसले होते. मागे क्षितिज आणि ऋचा पेंगत होते, सलोनीच्या कानात गाणी. वळण आलं आणि गाडी वळेना. मी बघते तर यांचे डोळे उघडे, समोर लागलेले, आणि तोंड नुसतं हलतंय, पान चघळल्यासारखं. हात स्टिअरिंगवर होते, पण त्यांत जीव नव्हता. मी "अहो, अहो" करते, ऐकूच जाईना. डावीकडे कठडा आणि कठड्यापलीकडे काही नाही. जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता, ते दोन्ही हातांनी ओढलं. गाडी कठड्याला घासत गेली. तेवढ्यात हे जागे झाल्यासारखे झाले आणि ब्रेक दाबला. मागचे धडपडून उठले, तर हे म्हणाले, "माकड आलं आडवं."

खोटं बोलताना यांची डावी भुवई उडते. लग्नापासून बघतेय. तेव्हाही उडाली.

मी गप्प बसले. म्हटलं, उन्हाने झालं असेल, पहाटेची झोपमोड झाली असेल. माणूस मनाची समजूत कशाचीही घालतो हो!

बेटावर दुसऱ्या दिवशी ओहोटीला हे सलोनीचा हात धरून खाडीत शिंपले वेचायला गेले. मी काठावर चपला राखत बसले होते. पाणी भरायला लागलं तशी सलोनी म्हणाली, "आजोबा, चला ना." हे उभेच. तिच्या कमरेला पाणी, मग छातीला. ती हाका मारतेय आणि यांचं तोंड तसंच हलतंय. मग यांच्या हातातून तिचा हात सुटला. वन्सं, मी लुगड्यासकट धावले. पोहता कुठे येतंय मला! वेणी हाताला लागली ती धरून पोरीला बाहेर ओढली. नाकातोंडात पाणी गेलेलं, खोकून खोकून लालबुंद झाली होती. हे मागून आले आणि मला म्हणतात कसे, "अगं, एवढी भिजलीस कशी?"

घरात सांगितलं, पोर घसरली. सलोनीलाही तेच वाटलं.

संध्याकाळी माडाखाली यांना गाठलं आणि सगळं विचारलं. आधी चिडले. मग हळूच म्हणाले, "मधला तुकडाच गायब होतो गं. सहा महिने झाले." मी म्हटलं, क्षितिजला सांगते, डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाले, "माझी गाडी काढून घेतील. मग मी काय करू, कोपऱ्यात बसू? कुणाला बोललीस तर सलोनीची शपथ आहे तुला."

स्वतःची घातली असती तर मी तिथल्या तिथे मोडली असती. नातीची घातली. आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलावं तर शपथ पोरीला भोवेल, न बोलावं तर हे पोरीला घेऊन कुठल्या खड्ड्यात जातील. परतीला कसंबसं 'मला पुढे बसून मळमळतं, क्षितिजला चालवू द्या' म्हणून सगळा रस्ता खोटी कण्हत आले.

आणि आता रविवारी सलोनीला घेऊन चासकमानच्या धरणाकाठी तंबू ठोकायचं ठरलंय. दोघंच. वाटेत तुमच्याकडे जेवायला थांबणार आहेत. वन्सं, तुम्हाला हात जोडते, थांबले की पुढे जाऊ देऊ नका. गाडीची किल्ली काढून घ्या, पाय दुखतो म्हणा, रडा, काहीही करा. तुम्हाला लिहिलं म्हणजे बोलल्यात धरतात का, मला माहीत नाही.

शनिवार, संध्याकाळ

पत्र संपवायचं राहिलं होतं. आता तुम्ही किल्ली काढून घ्यायची गरज नाही.

सकाळी मी स्वयंपाकघरात होते. हे म्हणाले, "रविवारी धरणावर गर्दी असते, आजच निघतो," आणि मी हात धुऊन बाहेर येईतो लिफ्टने खाली. गॅलरीत धावले तर सलोनी पुढच्या सीटवर बसलेली, मांडीवर लाल बादली. क्षितिज डिकीत तंबू ठेवून टाटा करत होता. गाडी चालू झाली.

मी तिसऱ्या मजल्यावरून किंचाळले, "क्षितिज, थांबव त्यांना! यांचं भान जातं! गाडी चालवताना भान जातं!"

सगळी सोसायटी बाहेर आली. वॉचमनने गेट लावलं. क्षितिजने खिडकीतून हात घालून किल्ली काढली. हे उतरले, वर बघितलं नाही, आणि जिन्याने चालत आले. जिन्यात बायका उभ्या होत्या, त्यांच्यामधून.

मग मी क्षितिज-ऋचाला सगळं सांगितलं, घाट, खाडी, शपथ. ऋचा कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, "आई, माझी मुलगी होती हो त्या पाण्यात. तुम्ही शपथ पाळत बसलात?" तिचं बरोबर आहे. सोमवारी मेंदूच्या डॉक्टरकडे जायचंय. त्याचीही भीतीच आहे.

पण खरी भीती वेगळीच. सलोनी दुपारी दोनदा शिंकली. मीठ-मोहरीने दृष्ट काढली. कपाळाला हात लावून येते, गार असतं, खोलीबाहेर आले की पुन्हा वाटतं, तापलं असेल. अडाणी म्हणा मला. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं. मला म्हणते, "आजी, एवढं काय त्यात? आजोबांना 'सुटली' म्हणायला सांग. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते. आमच्या शाळेत असंच असतं."

मी गेले. हे गॅलरीत पार्किंगकडे तोंड करून बसले होते. पाया पडले यांच्या आणि म्हटलं, "वाटेल तेवढं रागवा, पण सलोनीची शपथ सुटली म्हणा."

हे म्हणाले, "कसली शपथ? मी माझ्या सलोनीची शपथ कशाला घालीन?"

मी भुवईकडे बघत होते, वन्सं. उडाली नाही.

ज्याला घातलेली आठवत नाही, तो सोडवणार कशी? तुम्ही त्यांच्या थोरल्या, आईमागे तुम्हीच त्यांना वाढवलंत. त्यांच्या वतीने तुम्ही म्हणा. गणराजने हे वाचून दाखवलं की त्यालाच फोन लावायला सांगा. माझं तुम्हाला ऐकू आलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त मोठ्याने तेवढा एक शब्द म्हणा. मी आजची रात्र फोन उशाशी घेऊन सलोनीजवळ बसतेय.

शपथ मोडून बसलेली,
तुमची शैला