चांगुणाच्या पदांची निरवानिरव

मी, सुकन्या उमाशंकर देशमाने, वय ६९, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार नांदेड, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. अशा कागदात 'कोणाच्याही दबावाविना' असे लिहायची रीत आहे. माझ्यावर दबाव आहे. त्याला न जुमानता लिहीत आहे.

१. राहते घर माझ्या कमाईचे आहे. ते विकून आधी चांगुणाच्या पदांची मी संपादित केलेली आवृत्ती छापावी. उरेल ते माझा मुलगा अनय याचे. तो विचारतो, "आई, हे वाचणार कोण?" मला ठाऊक नाही. तरी छापावे.

२. तंबोरा, टिपणे आणि पोथ्यांची छायाचित्रे माझी विद्यार्थिनी विशाखा, राहणार लातूर, हिला द्यावीत. पदांच्या तिन्ही हस्तलिखित पोथ्यांत सुरांच्या खुणा जुळत नाहीत. तिने एकेक ओळ तिन्ही तऱ्हांनी गाऊन दाखवली, मग मी पाठ ठरवला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी.

३. वडिलांच्या देवणीच्या शेतात माझा वाटा उरलेला नाही. ही पदे ज्या मठात गातात, त्याचा धाकटा भाऊ दयानंद विश्वस्त आहे. त्याला मी हक्कसोड करून दिली, तेव्हा कुठे मठातली सर्वांत जुनी पोथी मला उघडून मिळाली. माझे यजमान तेव्हा हयात होते. ते एवढेच म्हणाले, "वाच आता नीट."

४. नीट वाचले, म्हणून भांडण आहे. जुन्या पोथीत प्रत्येक पदाच्या शेवटी 'चांगुणा म्हणे' असे आहे. नंतरच्या दोन्हींत तिथे मठाच्या मूळपुरुषाचे नाव आहे. ते लांब आहे, म्हणून त्या ओळीचे सूर ओढूनताणून बसवलेले दिसतात. पदे बाईची आहेत.

गेल्या आठवड्यात दयानंद मठातल्या दोघांना घेऊन आला.

"अक्का, तेवढं नाव काढ. छपाईचं मठ बघून घेतो."

"न्हाई."

"मग पोथीचं काही बरंवाईट झालं तर आम्हाला विचारू नको."

त्याच संध्याकाळी मी छायाचित्रांच्या प्रती विशाखाकडे पाठवल्या.

५. तिन्ही पाठ तळटीपांसह छापावेत. मठाचा पाठही गाळू नये. तोही लोकांनी श्रद्धेने गायला आहे. मात्र मुखपृष्ठावर चांगुणाचेच नाव राहील.

६. दयानंदला मी काहीही ठेवलेले नाही. त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो, असे वकील म्हणाले. आज तो भेटायला आला, तेव्हा त्याला इथवरचा कागद वाचायला दिला. वाचून झाल्यावर मी त्याला साक्षीदाराच्या सहीची जागा दाखवली. उद्या हा कागद खोटा म्हणायचा झाला, तर आधी त्याला स्वतःची सही नाकारावी लागेल. हे त्यालाही कळले.

"मला पटलेलं न्हाई, अक्का."

"पटवायला बोलावलं न्हाई. मी शुद्धीत हाय का, तेवढं सांग."

"हाव. लई शुद्धीत हायस," तो म्हणाला, आणि त्याने पेन मागितले.

ठिकाण : नांदेड
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार : सुकन्या उमाशंकर देशमाने (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. डॉ. मन्मथ हालगे, नांदेड (सही)
२. दयानंद आप्पासाहेब कोनाळे, देवणी (सही)