एका माणसाचा पास्ता

तुरिन, ७ नोव्हेंबर १९६८

तीर्थरूप बाबा,
तुमच्या ओर्सोलाचा दुरून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. कारखान्यात काम भरपूर असतं, त्यामुळे दिवस कसा जातो कळत नाही. रविवार तेवढा लांबतो.

आई गेल्यापासून पास्ता कधी चौघांना पुरेल एवढा होतो, तर कधी तुमचंही पोट भरत नाही, असं तुम्ही लिहिलंत. तराजू गंजला असेल, तर कपाने मोजा. आपल्या घरच्या कपांतला एक माझ्याकडे आहे, तो घेऊन मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि वजन करून पाहिलं.

पेन्ने पास्ता कपभर घेतला की नव्वद ग्रॅम होतो. तुम्हाला तेवढा पुरे. सूपमधल्या बारीक नळ्या मात्र दाटीने बसतात, तोच कप एकशेवीसवर जातो. त्या पाऊण कपच घ्या.

दुकानदारीण फेलिचिता हसली, "अगं, एकटीच्या जेवणाला एवढी मोजामोज?"

"माझ्या नाही, बाबांच्या," मी म्हटलं. मग तिने स्वतःच पुन्हा एकदा वजन करून दिलं.

मोजलेलं दोन्ही विकत घेतलं, घरी शिजवलं आणि नकळत दोन ताटं वाढली. दुसरं शेजारणीला दिलं.

खोकला कसा आहे? खरं लिहा.

शेजारचा वितो कळवतो, की तुम्ही शेगडीपाशी उभ्यानेच खाता. असं करू नका, बाबा. टेबलाशी बसा. आईच्या खुर्चीत बसा, म्हणजे ती समोर रिकामी दिसणार नाही.

लांब असली तरी तुमचीच,
ओर्सोला