कडुलिंबाच्या चकतीवरची चार बोटं

प्रिय दादा,

उद्या नगरच्या कोर्टात माझी साक्ष आहे, आणि आज तुझा फोटो तिसऱ्यांदा लाकडावर उतरवायला बसलेय. आधीचे दोन वाया घालवले. तू असतास तर खेकसला असतास, म्हणून तुलाच लिहिते.

जगाचे फोटो लाकडावर उतरवलेस, स्वतःचा एक धड काढला नाहीस! सापडला तो आपल्या चुलतभावाच्या, संभाच्या लग्नातला. डोक्याला फेटा, तोंडभर हसू, आणि संभाचा हात तुझ्या खांद्यावर. झेरॉक्सवाल्यानं संभाला कापून काढलं, पण त्याची चार बोटं तुझ्या सदऱ्यावर राहिलीच. ज्या हातानं तुझा जीव घेतला, तोच हात!

म्हटलं, घासताना तेवढी बोटं उडवू. लाकडाच्या चकतीला गोंद लावला, प्रिंट पालथी चिकटवली, नीट वाळू दिली. मग ओल्या फडक्यानं भिजवून अंगठ्यानं कागदाचा लगदा काढत गेले. बोटं दिसली आणि माझं डोकंच फिरलं. इतकं घासलं, की बोटांबरोबर तुझा खांदा गेला, मान गेली. अंगठ्याची साल निघून रक्त आलं, तरी हात थांबेना. दुसऱ्या चकतीचंही तेच केलं.

हा हात तुझ्याकडूनच आलाय. आठवतं, सोनई गावच्या जोडप्याचा फोटो मी उलटा न करता छापला, आणि डावीकडची नवरी नवऱ्याच्या उजवीकडे गेली? तू ती फळी माझ्या पाठीत घातलीस. फळी मोडली. संध्याकाळी तूच हळद गरम करून लावलीस आणि परत एकदा शिकवलंस, प्रिंट आधी उलटी करायची, मग लाकडावर सुलटी येते. चुकलं माझं, एवढं मात्र तुझ्या तोंडून निघालं नाही. अजून थंडीत तिथं दुखतं, आणि तुझा राग येतो.

आणि तो कडुलिंब! सामाईक बांधावरचा. चकत्यांना लाकूड हवं होतं, मान्य. पण संभाला एका शब्दानं विचारायला काय अडलं होतं तुझं? तो आला, म्हणाला झाड निम्मं माझं आहे. खरंच होतं ते. तू डोक्यात राख घालून घेतलीस आणि कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणलास. त्याचा दात मातीत पडला. मग त्यानं कुऱ्हाड हिसकावली आणि पात्यामागचा बोथट तुंबा तुझ्या डोक्यात घातला. तू पडलास. पडल्यावरही त्यानं तीनदा घातला. शेवटच्या घावाचा आवाज ओला होता. मी चकत्यांचं पोतं धरून दहा पावलांवर उभी होते. ओरडले नाही, धावले नाही. का नाही धावले रे मी?

आई म्हणते, दादानं आधी मारलं हे कोर्टात काढायचं नाही. गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, आणि संभाची शिक्षा कमी होईल. काल मी तिला सांगितलं, पाहिलं तेच बोलणार. तिनं आपल्या पुढचं ताट बाजूला सरकवलं.

"मग मला आई म्हनू नको," एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

हे लिहिता लिहिता तिसरी चकती वाळली. त्याच लिंबाची, शेवटचीच उरलेली. या वेळी हलक्या हातानं पुसली. फेटा आला, तुझं हसू आलं, खांद्यावरची चार बोटंही आली. ती मी राहू दिली. लग्नात तो तुझ्या गळ्यात हात टाकून उभा होता, हेही घडलंच होतं ना?

उद्या सगळं सांगेन, दादा. पहिला दांडा तू मारलास, हे सांगेन. तू मातीत निपचित पडला होतास तरी त्यानं तीनदा मारलं, हे संभाच्या तोंडाकडे बघून सांगेन. आईनं परत कधी हाक मारली नाही तरी सांगेन. त्या दिवशी दहा पावलं माझ्याच्यानं टाकवली नाहीत. उद्या साक्षीच्या पिंजऱ्यापर्यंत चालत जाईन, हा माझा शब्द.

तुझी धाकटी,
सुनी