सरकारी बागेतला भोपळा

आबा,

कालपासून ओट्यावर एक लाल भोपळा येऊन बसलाय. जिना चढताना गुडघे दुखतात म्हणून रोज रडणाऱ्या तुमच्या बायकोनं तो स्वतः तीन मजले चढवून आणला, आणि तोही मी पुण्याहून येऊन, टेम्पो ठरवून, खोकी बांधायला घेतल्यावर. रविवारी हे घर बंद करायचं आणि आईला कायमचं माझ्याकडे न्यायचं, असं महिन्यापूर्वीच ठरलंय. तर ही बाई म्हणते, "एवढा भोपळा चिरला, घारगे केले, की निघू." मग चीर की! त्यावर म्हणते, "बाईमाणसानं पयला घाव घालायचा नसतो, इसरलीस व्हय? आन् घालणारा तर वर जाऊन बसलाय." आणि तिनं असं छताकडे बघितलं, जणू तुम्ही चौथ्या मजल्यावर राहायला गेलाय. तेव्हापासून मला काही सुचेना झालंय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण हा विषय तुमच्याशीच बोलायला हवा. दुसऱ्या कुणाला सांगितला तर लोक मलाच वेड्यात काढतील.

नव्वदच्या दशकातली ती सालं आठवा. कांदा-बटाटा मार्केटात तुम्ही मापाडी. दिवसभर काट्यापाशी उभं राहून दुसऱ्यांचा माल तोलायचा, आणि काट्याला स्वतःचं बोट कधी लागू द्यायचं नाही, असे तुम्ही. कोपरखैरण्यात ही जागा मिळाली तेव्हा तुम्ही आम्हा दोघींना साताऱ्याकडच्या गावाहून घेऊन आलात. वर्षभरातच आईनं जाहीर केलं की तिला इथं करमत नाही. "हितं माजं काय हाय? खिडकीतनं बगितलं की दुसऱ्याची खिडकी. दिवाळी झाली की मी पोरीला घेऊन गावाकडं जानार. तुमी डबा लावा." ती चिडून बोलली असती तर तुम्ही समजूत काढली असतीत. पण ती तांदूळ निवडत निवडत शांतपणे बोलली, आणि आईनं शांतपणे सांगितलेलं कधी फिरत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. गावाकडे असेपर्यंत तुम्ही म्हणजे वर्षातून दोनदा पिशवीतून बिस्किटं आणणारा पाहुणा होतात. मला नुकता कुठं रोजचा बाप मिळाला होता, आणि तो मला सोडायचा नव्हता.

तुमच्या काट्यावरच्या कुणीतरी अक्कल दिली, बायकोला बागेत नेत जा, मन रमतं. झालं! दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही आम्हाला बागेत न्यायला लागलात. खाडीच्या बाजूची ती नवीकोरी बाग डोळ्यांपुढून हलत नाही माझ्या. गोल गोल कातरलेली झुडपं, सिमेंटचा हत्ती, त्याच्या सोंडेवरून घसरणारी पोरं, आणि पावलोपावली पाट्या. तुम्ही प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून दाखवायचात. हिरवळीवर बसू नये, अशी एक पाटी होती, म्हणून पहिल्या रविवारी तुम्ही आम्हाला मेच्या उन्हात सिमेंटच्या कठड्यावर ओळीनं बसवलंत. समोर शंभर माणसं हिरवळीवर लोळतायत, भेळ खातायत, आणि आपण तिघं बसची वाट बघत असल्यासारखे ताठ. आई म्हणाली, "आता काय करायचं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही करायचं. आराम करायचा." आईनं थोडा वेळ आराम केला. मग म्हणाली, "झाला. आता?"

तुम्हाला आराम जमायचा, आबा. शेवटी एकदा कुणीतरी सांगितलं की ती पाटी पलीकडच्या तुकड्यापुरती आहे. मग तुम्ही हिरवळीवर आडवे व्हायचात, तोंडावर रुमाल टाकायचात आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचात. आई मात्र बसल्या जागी हातानं गवत उपटायची. उपटायची म्हणजे खुरपायला बसल्यासारखी, सरकत सरकत, मागे स्वच्छ माती ठेवत. एकदा वॉचमननं लांबून शिट्टी मारली, मारतच पळत आला. "ओ बाय, काय करतंस? ते लावलेलं हाय!" आईला खरंच कळेना. "गवत लावलेलं हाय? अगं बया! आमच्याकडं काढायला मानसं लावत्यात, हितं लावायला ठेवल्यात व्हय?" वॉचमन हसायलाच लागला. तिथल्याच जुन्या गावचा तो, जमीन गेली म्हणून या बागेत लागलेला. म्हणाला, "या जागंवर माजे बापाचं भात पिकायचं, बाय. आता गवत पिकतंय, आनि मी त्याला पानी घालतंय." मग दोघं जण भाताच्या जातीवर बोलत उभे राहिले, आणि तुम्ही रुमालाखाली घोरत होता. त्या दिवशी बसमध्ये आई पहिल्यांदा गप्प नव्हती.

पुढच्या रविवारी तिनं कमरेच्या पिशवीतून गावच्या भोपळ्याच्या बिया आणल्या आणि सगळ्यात मागे, कुंपणाच्या मेंदीआड, केसातल्या आकड्यानं माती उकरून लावल्या. मला दम दिला, "बापाला सांगशील तर बग." मी कशाला सांगतेय? पावसाळा लागला आणि वेल असा काय माजला म्हणता! आपण छत्र्या घेऊन आरामाला जायचो. तुम्ही त्या गोल छपराखाली बाकावर झोपा काढायचात आणि आई माझ्या हातात पाण्याची बाटली देऊन "चल, पाय मोकळे करू" म्हणायची. डब्यातून ती शेणखत न्यायची, आबा! वरच्या खणात चपात्या, खालच्या खणात खत. एकदा तुम्ही चुकून खालचा खण उघडायला घेतलात तेव्हा ती अशी किंचाळली की हत्तीवरचं पोरगं खाली पडलं. वॉचमनला सगळं दिसत होतं. दर रविवारी त्या मेंदीआडची माती ओली असायची आणि वेल कुणीतरी नीट तारेवर चढवून ठेवलेला असायचा. पण त्यानं कधी शब्द काढला नाही, आणि आईनंही विचारलं नाही.

वेलाला एकच भोपळा धरला. मी तो जपला तो त्याच्या प्रेमापोटी नव्हे. "फळ अर्धं टाकून कुनी जात न्हाई," आई म्हणाली होती. "पिकू दे, घारगे करीन, तुज्या बापाला खाऊ घालीन, आन् मग निघू." तेव्हा मी दर रविवारी त्या भोपळ्यापाशी उकिडवी बसून त्याला सांगायचे, बाबा रे, सावकाश पीक. शाळेतल्या प्रार्थनेतसुद्धा मी तेच मागत होते. पण भोपळाच तो, माझं कशाला ऐकतोय? दिवाळीच्या तोंडावर देठ वाळला.

त्या रविवारी आईनं तुमच्या अंगाखालची चादर ओढून घेतली, भोपळा तीत गुंडाळला, वरून माझं जुनं टोपरं चढवलं आणि तुम्हाला उठवलं. तुम्ही डोळे चोळत बघितलंत, तर बायकोच्या कडेवर बाळ. तुमचा चेहरा! "कुणाचं गं हे?" आई म्हणाली, "आपलंच. चला गुमान." गेटवर वॉचमन उभा. एव्हाना टोपऱ्याखाली काय आहे ते तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही गेटवरची पाटी वाचायला लागलात, पण त्यानं वाकून टोपरं जरा बाजूला केलं, निरखून बघितलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "छान हाय बाल. दोन दिस उनान ठेव गं बाय, साल घट व्हईल." आई लाजली हो, खरोखर लाजली! बसमध्ये एका बाईनं आईला जागा दिली आणि तुम्हाला विचारलं, "मुलगा की मुलगी?" जन्मात खोटं न बोललेले माझे आबा दांडा घट्ट धरून उभे. म्हणालात, "अजून नाव ठेवलं नाही." ती बाई उतरेपर्यंत तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात.

घरी आल्यावर आईनं विळी मांडली आणि तुम्हाला हाक मारली. पहिला घाव तुमचा. आणि तुम्ही चक्क हात मागे बांधलेत. "बागेतला माल सरकारी. चोरीच्या मालावर मी घाव घालणार नाही." आई म्हणाली, "बी माजं, खत माजं, सरकारचं काय लागलं त्यात?" तुम्ही म्हणालात, "जमीन." मग आईनं शेजारच्या काकांना हाक मारली, तर त्यांचा हात मुरगळलेला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांचा उपास निघाला. तळोज्याला कामाला जाणारे समोरचे भाऊ म्हणाले, "वैनी, आपल्याला ते बघूनच टेन्शन येतं." अख्ख्या बिल्डिंगीत एक भोपळा कापायला पुरुष मिळेना! आई कपाळावर हात मारून घ्यायची. दिवाळी गेली, भोपळा फळीवर. कपड्यांची पेटी भरलेली, भोपळा फळीवर. आणि तुम्ही? रोज मार्केटातून आलात की हात धुवायच्या आधी त्याला टिचकी मारून बघायचात. बटाट्याच्या पोत्यातलं गवत आणून त्याच्याखाली घातलंत. ऊन आलं की सावलीत सरकवायचात. मी मनात म्हणायचे, सरकारी मालाची किती ही काळजी.

संक्रांतीला आईनं बिल्डिंगीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. भोपळ्याची गोष्ट तोवर सगळ्या सेक्टरभर झालेली, त्यालाच बघायला निम्म्या आल्या. त्यानंतर एका सकाळी ती चहा गाळता गाळता, तसल्याच शांत आवाजात म्हणाली, "कापा आता. उन्हाळी लावन करायची तर बिया वाळवाय लागतील. वॉचमनभाऊ म्हनत व्हता, बागंतल्या तळ्याकडं जागा चांगली हाय." तुम्ही कप खाली ठेवलात. सरकार नाही, चोरी नाही. उठलात, कोयता घेतलात आणि एका घावात दोन फाकी केल्यात. मग मोरीत जाऊन तोंड धुतलंत, बराच वेळ धुतलंत. आईनं पेटीतली लुगडी परत खुंटीवर टाकली. एक फाक बागेतल्या वॉचमनला गेली, आणि घारगे इतके झाले की मी शाळेत आठवडाभर तेच नेत होते.

तुमची लबाडी मला कळली ती तुमच्या तेराव्याला. शेजारचे काका जेवता जेवता रडायला लागले आणि म्हणाले, "हात कसला मुरगळतोय माझा? तुझ्या बापानं सगळ्यांना खाली चहा पाजला होता आणि हात जोडून सांगितलं होतं, भोपळ्याला कुणी शिवायचं नाही. तो कापला की माझी माणसं जातील." मी तेराव्याच्या पंगतीत हसले, आबा. पदर तोंडात कोंबून हसले, आणि मग रडले. आईनं बघितलं. ती वाढत होती, वाढतच राहिली. तिला हे केव्हापासून माहीत होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही. पण काल तिनं भोपळा ओट्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि तुम्ही घालायचात तसंच त्याच्याखाली गवत घातलं, तेव्हा मला उत्तर मिळालं.

मी काय मूर्ख आहे का? मी आज सकाळी तडक खाली गेले. सोसायटीचा वॉचमन आहे, चांगला दणकट आहे, त्याला वर आणायचं, एक घाव घालून घ्यायचा आणि प्रश्न मिटवायचा. टेम्पोवाल्याला ॲडव्हान्स दिलाय, गंमत नाही. गेटपाशी गेले, आणि बागेच्या गेटवरचा तुमचा वॉचमन आठवला. तुमची ती बाग आता मोठी झालीय, हत्तीचा रंग तेवढा गेलाय. आई अजून रविवारी शेजारणींबरोबर तिथं जाते आणि हिरवळीवर बसून गवत उपटते. माझ्या पुण्याच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर भिजणारी हातभर जागा आहे. मी तिला कितीदा सांगितलं, तिथं लाव काय लावायचं ते. ती नुसती "बगू" म्हणते, बियांचं नाव काढत नाही.

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. भोपळा एका बाजूला कलतोय, तर घडी करून त्याच्याखाली सारीन म्हणते. एवढंच सांगायचं होतं की मी वॉचमनला वर आणलं नाही. कोपऱ्यावरच्या टपरीवर नेऊन चहा पाजला, आणि हात जोडून सांगितलं की आमच्या म्हातारीनं कितीही हाका मारल्या तरी त्या भोपळ्याला शिवायचं नाही. तो म्हणाला, "किती दिवस, ताई?" मी म्हटलं, ती स्वतःहून बिया मागेपर्यंत.