फाटकावरची पाटी

पुणे, १८ नोव्हेंबर २०२४

ती. हेमाताईस,
गोपाळचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर धड ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून आपली ही पत्रंच बरी. सांगलीला थंडी पडली का? गुडघ्याला तेल लावत जा. लावत नसणार, हे मला माहीत आहे.

इथे गच्चीवरच्या खोलीचं काम अडलंय. सलिलला घरून ऑफिसचं काम करायला जागा हवी, म्हणून लाकडी छपराची खोली काढली. येरवड्याच्या कोंडीराम सुताराने खांब उभे केले, त्यावर आढं चढवलं. आढं चढलं त्या दिवशी रीतीप्रमाणे नारळ फोडून त्याला टोपी-उपरणं दिलं. माणूस कामाचा, यात वाद नाही. मी खुर्ची टाकून बघत बसलो की म्हणायचा, सायेब, तुमी खाली जाऊन पेपर वाचा, तुमी बघता तर करवत लाजते. पण दिवाळीला वाशिमकडे गावी गेला तो गेलाच. भाऊबीज करून येतो म्हणाला होता. फोन बंद. वर नुसते खांब आणि वासे, आणि सलिल रोज जेवताना विचारतो, बाबा, छप्पर कधी?

शेवटी मी आपला पुणेरी उपाय केला. कोंडीरामच्याच उरलेल्या फळीवर रंगाने सुवाच्य अक्षरांत लिहून फाटकावर पाटी लावली. मजकूर असा: "कोंडीराम सुतार यांस. आपण हयात असल्यास छप्पर पूर्ण करावे. नसल्यास घरच्यांनी तसे कळवावे, म्हणजे दुसरा सुतार बघता येईल."

ताई, काय सांगू! सकाळी फिरायला जाणारे थांबून फोटो काढतात. सलिलला हिंजवडीत भलत्याच कुणीतरी तो फोटो दाखवला आणि विचारलं, हे कोण रे म्हातारे? सलिलने छाती फुगवून सांगितलं, आमचे वडील. जन्मभर बँकेत शिक्के मारले, कुणी विचारलं नाही. आता चौकात लोक नमस्कार करतात.

बाकी क्षेम. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर येऊ दे.

तुझा,
गोपाळ

*

सांगली, २३ नोव्हेंबर २०२४

चि. गोपाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसले. खोटं कशाला बोलू, शेजारच्या मथुराबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघी हसलो. दूधवाल्यावर पाटी, पेपरवाल्यावर पाटी. वहिनी गेली आणि तुझा लगाम सुटला बघ.

पण दिवा लावायला उठले आणि मन खायला लागलं. अरे, सणासुदीला घरी गेलेल्या माणसाबद्दल असं अभद्र लिहायचं? वास्तू म्हणते तथास्तु, हे आई सांगायची ते विसरलास? येरवडा काही सातासमुद्रापार नाही. एकदा जाऊन चौकशी केलीस का? नसणार केलीस. रंगाचा डबा उघडणं सोपं, चपला घालणं अवघड.

हे पत्र हातात पडल्यावर आधी पाटी काढ, मग चहा पी. लोकांच्या नमस्कारांवर जाऊ नकोस. ते उद्या दुसऱ्या कुणाला तरी करतील.

तेल लावते. तुझ्यावरची माया कमी होत नाही, म्हणूनच बोलते.

तुझी,
हेमाताई

*

पुणे, १ डिसेंबर २०२४

ती. हेमाताईस,
सा. न.

तुझं पत्र मिळालं, आणि मी पाटी काढली नाही. उद्या काढू म्हटलं. कुणी कॉलेजची मुलं हडपसरहून खास बघायला आली होती, त्यांना पाटीशेजारी उभं राहून फोटोही दिला. आता लिहितानाही कान तापतात.

काल दुपारी फाटकाशी एक बाई उभी होती. बरोबर एक उतारवयाचा माणूस. बाई म्हणजे कोंडीरामची बायको विमलाबाई, आणि तो त्याचा थोरला भाऊ सीताराम. मी विचारलं, कोंडीराम कुठे आहेत? ती म्हणाली, "मालक, तुमी कळवा म्हनलं होतं, म्हनून आली."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी छातीत कळ आली आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेता नेता गेला. पाटीचा फोटो गावात कुणाच्या तरी मोबाइलवर आला होता. तिला वाचता येत नाही. तो सीतारामने तिला वाचून दाखवला. सुतकात निघता आलं नाही, कळवायला उशीर झाला, राग मानू नका, असं तीच मला म्हणत होती. 

पुढचं ऐक. ती म्हणाली, एवढी घरं बांधली त्यांनी, पण कुठं गेले म्हणून एका मालकाने विचारलं नाही. तुम्ही मात्र फाटकावर त्यांचं नाव लिहून विचारलंत. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिला वाटलं, मी काळजीने लिहिलंय. आणि मी, शहाणा माणूस, मान डोलावली! नाही म्हणालो नाही. तिने माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

गच्चीवर जाऊन तिने प्रत्येक खांबावरून हात फिरवला. सीताराम चढला नाही, त्याने चहाही घेतला नाही, फाटकाशीच खाली बघत उभा राहिला. निघताना तिने पाटी मागितली, त्यांच्या नावाची आहे म्हणून. मीच ती पेपरात गुंडाळून सीतारामच्या हातात दिली.

सलिलला सांगितलं. तो म्हणाला, बाबा, तुम्हाला काय माहीत होतं? माहीत नव्हतं, हेच तर. आरशात बघवत नाही. तिला खरं सांगू की नको, तू सांग.

लोभ ठेव असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

गोपाळ

*

सांगली, ६ डिसेंबर २०२४

चि. गोपाळ यास,
आशीर्वाद.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मीही हसले होते, मथुराबाईंना गंमत म्हणून ऐकवलं होतं. त्यांना काल खरं काय ते सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत घरी गेल्या.

तू विचारतोस म्हणून सांगते. जा तिच्या गावी आणि समोर बसून सांग. आज ना उद्या कुणीतरी दात काढत तिला अर्थ सांगणार. ते तुझ्या तोंडून कळलेलं बरं. ती बोलेल ते ऐकून घे, हाकललं तर निघून ये. माझ्याही वतीने हात जोड.

लाज वाटते आहे ना, वाटू दे. माझा भाऊ आहेस, तो राहशीलच. जपून जा.

हेमाताई

*

पुणे, १५ डिसेंबर २०२४

ती. हेमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. सलिल येतो म्हणत होता, नको म्हटलं. काय बोलायचं ते बसमध्ये घोकत गेलो.

विमलाबाईने मला बघून लगबगीने सतरंजी टाकली. समोरच्या भिंतीवर कोंडीरामचा फोटो, त्याला हार, आणि फोटोखाली माझी पाटी. तिलाही हळदकुंकू वाहिलेलं. पण पाटी अर्धीच होती. पहिल्या ओळीखाली सरळ करवत फिरवलेली, कड गुळगुळीत घासलेली. तेवढंच उरलं होतं: "कोंडीराम सुतार यांस." ती म्हणाली, भिंतीवर मावत नव्हती, म्हणून भाऊजींनी कापून दिली.

ताई, तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात सीताराम दारात आला आणि म्हणाला, साहेबांची बस चुकेल. बसला तास होता. मी फोटोला नमस्कार केला, म्हणजे माझ्या अक्षरालाही केला, आणि उठलो.

थांब्यापर्यंत तो सोबत आला. बस दिसली तेव्हा म्हणाला, "म्या तिले सारं वाचून नाई दाखवलं. तुमीबी सांगू नोका."

मी त्याच्यापुढे हात जोडले. तुझ्या वतीनेही जोडले. त्याने ते बघितले, आणि माझी पिशवी उचलून बसमध्ये ठेवली.

दर पत्रात लोभ वाढावा म्हणून मागतो. या खेपेला आहे तेवढा राहिला, तरी पुष्कळ.

तुझा,
गोपाळ